दोर ताणलेला असताना

८ फेब्रुवारी

ती. आत्या,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. दुकानात भिंगं घासायचं मशीन बिघडलं होतं, असं लिहिणार होते. पण ते कारण नाही. कारण बाबा आहेत.

फोनवर सांगता आलं असतं तर केव्हाच सांगितलं असतं. पण रिसीव्हर कानाला लावला की तुला नुसती खळखळ ऐकू येते, म्हणून लिहिते.

गेल्या महिन्यात इथे धक्क्यावर अपघात झाला. एक मोठं मालवाहू जहाज लागत होतं आणि बाबांची टगबोट त्याला ओढून धरत होती. जहाजाचा जाड दोर तुटला आणि त्याचं टोक धक्क्यावरच्या एका माणसाला लागलं. तो जागच्या जागी गेला. दोर खुंटाला अडकवणाऱ्या टोळीचा मुकादम होता तो. उंच म्हणून सगळे त्याला लंबू म्हणायचे. बाबांचं त्याच्याशी छान जमायचं. बंदरातले लोक म्हणतात, चूक त्याचीच, इशाऱ्याची शिट्टी वाजल्यावरही तो दोराच्या टप्प्यात उभा राहिला.

तेव्हापासून बाबा गप्प आहेत. ते तसे बोलके कधीच नव्हते, पण हे गप्प राहणं वेगळं आहे. भाजीत मीठ जास्त पडलं तरी खातात, न पडलं तरी खातात.

आणि आता हा सिनेमा. खलाशांच्या क्लबात रविवारी दुपारी जुने सिनेमे दाखवतात. तिथे त्यांनी एक जपानी तलवारबाजांचा सिनेमा पाहिला. काळापांढरा, माझ्या जन्माच्याही आधीचा. क्लबच्या माणसाकडून त्याची डिस्क मागून आणली आणि आता रोज संध्याकाळी जेवणाआधी लावतात. मी स्वयंपाकघरात असते, त्यामुळे मला फक्त शेवट दिसतो. एक म्हातारा तलवारबाज पांढरे कपडे घालून अंगणात गुडघ्यावर बसतो. समोर एक आखूड पातं ठेवलेलं असतं. भोवती सगळे मोठे लोक बसलेले. पुढे काय होतं ते मी बघत नाही, गॅस बारीक करायला वळते. बाबा मात्र पापणी न हलवता बघत असतात.

काल मी म्हटलं, दुसरं काहीतरी लावा की, एखादा विनोदी. ते म्हणाले, "हा चांगला आहे." बस, एवढंच.

आत्या, तू त्यांना लहानपणापासून ओळखतेस. असे ते पूर्वी कधी झाले होते का?

तुझी,
चिमणी


१७ फेब्रुवारी

चिमणे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्मा लावून आणि एकदा चष्मा पुसून.

तुझा बाप, आमचा छोट्या, लहानपणापासून घुम्याच आहे. आमची आई गेली तेव्हा तो नुकताच शाळेत जायला लागला होता. कितीतरी दिवस एक शब्द बोलला नाही. शेजारणी म्हणायच्या, पोराने धसका घेतला, याला कुठेतरी दाखवा. मीही घाबरले, माझंही वय ते काय होतं. मग एका संध्याकाळी माझ्या फ्रॉकला धरून म्हणाला, "ताई, मला दुपारी भूक लागते." एवढंच होतं ते. दुपारचं खाणं आई द्यायची, मला ते माहीतच नव्हतं, आणि मागावं कसं हे त्याला कळत नव्हतं. तेव्हा त्याच्या पोटात जे असतं ते साधंच असतं, बाहेर यायला मात्र वेळ घेतं. तू थेट विचार. "बाबा, काय झालंय?" तीन शब्द आहेत, जीभ झिजत नाही.

सिनेमाचं म्हणशील तर माझ्या शिवणाच्या वर्गातल्या एका मुलीचा नवरा ग्रंथालयात आहे, तिथे म्हणे असलं सगळं मिळतं. मी मागवते. मलाही कळू दे माझा भाऊ रोज कोणाच्या घरी जाऊन बसतो ते.

आणि एक विचारते. त्या जहाजावर आमचा बाबू नव्हता ना? गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला होता, "मी ठीक, काळजी नको." ठीक असलेला माणूस एवढं कशाला कळवतो? इथे लोक मला विचारतात, तुमचा मुलगा पायलट म्हणजे कोणतं विमान चालवतो हो? मी सांगते, विमान नाही, तो दुसऱ्यांची जहाजं पार्क करून देतो. सगळे हसतात. मी मात्र हल्ली हे सांगून झालं की त्याचा मेसेज पुन्हा उघडून वाचते. लिही लवकर.

आत्या


२५ फेब्रुवारी

ती. आत्या,

तीन शब्द मला जमले नाहीत. दोन वेळा समोर जाऊन बसले आणि चहा हवा का एवढंच विचारून उठले.

इथलं वाढतच चाललंय. परवा बाबांनी त्यांचे चांगले बूट, ते जाड तळाचे, टगवरच्या इंजिनवाल्याला देऊन टाकले. मागच्याच वर्षी घेतले होते. मी म्हटलं, तुम्हाला लागतील की. म्हणाले, "आता नाही लागायचे." रेनकोटही दिला. मग कपाट आवरलं. आईचे फोटो माझ्या खोलीत आणून ठेवले आणि म्हणाले, हे तुझ्याजवळ असू देत. काल इस्त्रीवाल्याकडून पांढरा शर्ट करून आणला, कुठल्या तरी समारंभाला जायचं असल्यासारखा हँगरला लावून ठेवलाय. सिनेमातला तो म्हातारा असाच पांढऱ्या कपड्यांत बसतो ना!

मी स्वयंपाकघरातल्या सुऱ्या पिठाच्या डब्यात लपवल्या. हसू नकोस. सकाळी बाबा पाव कापायला आले, सगळे खण उघडून पाहिले, मग चमच्यानेच पावाचे तुकडे केले आणि मुकाट्याने खाल्ले. विचारलंसुद्धा नाही सुरी कुठे गेली. त्यांनी विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुकानात एका बाईंचा चष्मा मी उलट्या नंबरांचा करून दिला. मालक काही बोलले नाहीत, पण माझ्याकडे बघत राहिले. माझं लक्ष सगळं घरी असतं. दुपारी उगाच घरी फोन करते, बाबांनी उचलला की काही न बोलता ठेवून देते. त्यांना वाटत असेल कोणीतरी खोडी काढतंय.

बंदरात आणखी एक झालंय. कामगारांच्या शेडबाहेर फलक लावलाय. दोराजवळ उभ्या असलेल्या एका उंच माणसाचं चित्र आणि त्याच्यावर लाल फुली. खाली लिहिलंय, असे करू नका. नाव नाही, पण कोण ते सगळ्यांना कळतं. नव्या पोरांना मुकादम तिथे उभं करून लंबूची गोष्ट सांगतात. लंबूची बायको बंदराच्या धुलाईघरात कामाला आहे, कामगारांचे डगले धुते. तिचा जायचा-यायचा रस्ता त्या फलकावरूनच आहे. बाबा हल्ली धक्क्याला लांबून वळसा घालून जातात म्हणे.

बाबूदादाचं विचारलंस. तो कामात आहे, बरा आहे.

तू सिनेमा पाहिलास का? तो म्हातारा का मरतो ते मला सांग. मला बघायचा धीर होत नाही.

चिमणी


५ मार्च

चिमणे,

आधी त्या सुऱ्या पिठातून काढ. गंजतील.

सिनेमा पाहिला, सलग दोनदा. माझं एक बरं आहे, मला ऐकू येत नसलं तरी खाली लिहून येतं. तू शेवट तेवढा पाहिलास, आणि शेवटावरून घाबरलीस. मी सगळा सांगते, नीट वाच.

तो म्हातारा एका मोठ्या घराण्याच्या चाकरीत असतो. घराण्याचा तरुण वारस, ज्याला या म्हाताऱ्यानेच तलवार धरायला शिकवलेली, एका चकमकीत उतावीळपणे हुकूम सोडतो. म्हातारा म्हणतो, थांबा, आपला माणूस मध्ये आहे. वारस म्हणतो, चला. आणि एक साधा पायदळातला शिपाई हकनाक मारला जातो. घराण्याची लाज राखायची म्हणून सांगतात, तो शिपाई भित्रा होता, पळताना मेला. त्याच्या बायकोला गावात कोणी दारात उभं करत नाही. खरं काय ते दोघांनाच ठाऊक, वारसाला आणि म्हाताऱ्याला. म्हाताऱ्याला सांगतात, ज्या घराचं मीठ खाल्लंस त्याची अब्रू तुझ्या हातात आहे, तोंड मिटून बस. तो खूप दिवस बसतो. बसतो म्हणजे खरंच बसतो, अर्धा सिनेमा तो बसलेलाच आहे. मला मध्ये डुलकी लागली. मग एक दिवस तो स्वच्छ कपडे घालतो, आपली तलवार दरवाजावरच्या पहारेकऱ्याकडे ठेवतो आणि सभेत जाऊन सगळ्यांदेखत सांगतो, तो शिपाई भित्रा नव्हता, तो जागेवर उभा होता, आणि आम्ही त्याला मारला.

पुढे त्याला मरावं लागतं, कारण ते लोक आणि तो काळच तसा. पण चिमणे, सिनेमा त्या मरण्याचा नाहीये. तो दार ओलांडून आत जातो, तिथे माझ्या अंगावर काटा आला.

आता छोट्याकडे बघ. बूट दिले, रेनकोट दिला. मरायला निघालेला माणूस बुटांचा हिशेब करत नाही गं. ज्याला आपली टगबोट सुटणार हे ठाऊक आहे तो करतो. शर्ट समारंभाचाच आहे. बंदराची चौकशी असेल कुठली तरी, तिथे जाऊन त्याला बोलायचं असेल. लंबूची चूक नसणार, आणि ते तुझ्या बापाला माहीत असणार.

त्याला अडवू नकोस. त्या वारसाच्या जागी जो कोणी साहेब असेल तो असू दे. त्याच्या आईला वाईट वाटेल, बिचारीला. पण दुसऱ्या बाईच्या नवऱ्यावर लाल फुली मारून आपला मुलगा सांभाळायचा, हे कोणत्या आईला गोड लागेल?

जा, आणि विचार त्याला. आता घाबरायचं कारण नाही.

आत्या


११ मार्च

ती. आत्या,

तुझं पत्र वाचून मी रडले, आधी सुटकेने. मग शेवटच्या ओळी पुन्हा वाचल्या. तुला आता सांगायलाच हवं. बाबूदादाने मला शपथ घातली होती, आईला कळवू नकोस, ती झोपणार नाही. म्हणून दोन्ही पत्रांत मी गप्प राहिले.

त्या जहाजावर पायलट बाबूदादा होता.

मी काल विचारलं. सिनेमा चालू होता, तो म्हातारा बसलेला होता तो भाग. मी टीव्ही बंद केला आणि म्हटलं, "बाबा, त्या दिवशी काय झालं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू कधीपासून वाट बघत होते. मग सगळं सांगितलं.

जहाज थोडं पुढे सरकवायचं होतं. बाबूदादा जहाजावर उंच, तिथून त्याला धक्क्याचा मागचा कोपरा दिसत नव्हता. बाबांना दिसत होता. मागचा दोर अजून खुंटाला होता, पार ताणलेला, आणि लंबू तो सोडवायला दोन पोरांना घेऊन पुढे झाला होता. ते त्याचं कामच होतं. शिट्टी वाजलीच नव्हती. बाबांनी वायरलेसवर सांगितलं, "थांब, माणसं आहेत." बाबूदादा म्हणाला, "मामा, मागे दुसरं जहाज खोळंबलंय, ओढा." बाबांनी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "ओढा म्हणतो ना." पायलटचा हुकूम असतो. बाबांनी ओढलं.

लंबूने पोरांना ढकललं म्हणून ती दोघं वाचली. ती इतकी घाबरलीत की काहीच सांगत नाहीत, आणि सांगितलं तरी वायरलेसवरचं बोलणं त्यांनी कुठे ऐकलंय?

मी म्हटलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत? म्हणाले, "कोणाविरुद्ध बोलू? त्याला सुकाणू मी धरायला शिकवलं. ताईचा पोरगा आहे."

चौकशी अठ्ठावीस तारखेला आहे. बाबांना बोलावलेलं नव्हतं, त्यांनी स्वतः अर्ज दिला. बाबूदादाला ते कळलं. तो परवा आला होता, बाबा घरी नसताना. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. मला म्हणाला, मामाला समजाव, लायसन्स गेलं तर मला दुसरं काही येत नाही. त्याने आणलेली फळं टेबलावर तशीच आहेत.

आणि हे सगळ्यात अवघड. काल शेवटी बाबा म्हणाले, "ताईला कळव. तिने जाऊ नको म्हटलं तर मी जाणार नाही." मी म्हटलं, तुम्हीच लिहा. ते म्हणाले, "मला नाही लिहिता येणार."

आत्या, सांग मी काय सांगू?

चिमणी


१६ मार्च

चिमणे,

अडव त्याला.

आधीच्या पत्रात मी काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे, तू परत वाचून दाखवू नकोस. तेव्हा ती कोणाची तरी आई होती.

बाबूचे वडील गेले तेव्हा तो दहावीत होता. रात्रंदिवस मशीन मारून मी त्याला त्या समुद्रापर्यंत पोचवला. मला समुद्र कधी आवडलाही नाही. त्याने मुद्दाम कोणाला मारलेलं नाही. चूक झाली. चुका सगळ्यांच्या होतात, त्या दोराचीही झाली. गेलेला माणूस परत येणार आहे का?

छोट्याला सांग, मी आजवर त्याच्याकडे काही मागितलं नाही. त्याला भरवलं, वाढवलं, त्याचं लग्न लावून दिलं, कधी उच्चारही केला नाही. आज मागते. त्याने गप्प बसावं. तसाही तो गप्प बसण्यात पटाईत आहे.

आत्या


२० मार्च

ती. ताई,

चिमणीने तुझं पत्र वाचून दाखवलं. मी जाणार नाही. अर्ज मागे घेतो.

तू त्याच्यासाठी किती कष्ट काढलेस ते मी पाहिलं आहे. तुझा शब्द मी मोडणार नाही. या विषयावर आपण पुन्हा बोलायला नको.

सिनेमाची डिस्क क्लबात परत देऊन आलो. येताना लंबूच्या बायकोने हाक मारली. धुलाईघराच्या दारात उभी होती. तिने विचारलं, तुम्ही तिथे होतात, शिट्टी वाजल्यावरही ते खरंच तिथे उभे राहिले होते का? मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही. मलाही कळलं नाही. ती पुन्हा विचारणार, कारण एकाच बंदरात आहोत, आमची गाठ पडतच राहणार. तिला काय सांगायचं तेवढं मला कळव. तू सांगशील ते सांगेन.

तब्येतीला जप.

तुझा,
छोट्या


२४ मार्च

चिमणे,

हे पत्र मी ग्रंथालयातल्या त्या मुलाच्या हातानेच पाठवते आहे. तो कामानिमित्त तिकडे येतोय, टपालाचा भरवसा नको. मिळालं की लगेच छोट्याला दे.

त्याचं पत्र आलं. रागावून लिहिलं असतं तर मी भांडले असते. पण त्याने लिहिलं, सांगशील ते सांगेन. त्या बाईला सांगायला मी एक वाक्य शोधत होते, कागद घेऊन बसले होते. एक वाक्य सापडेना. जे जे सुचलं ते त्या सिनेमातली घराण्याची माणसं म्हणत होती तेच होतं. मला स्वतःची शिसारी आली.

मी बाबूला निरोप धाडला, ये. काल दुपारी आला. वर्ग चालू होता, मुली मशीनवर होत्या. मी त्याला तिथेच खुर्ची दिली आणि विचारलं, काय झालं ते सांग. तो खाली मान घालून पुटपुटला. मी म्हटलं, ऐकू येत नाही. थोडं मोठ्याने म्हणाला. मी म्हटलं, अजून नाही. तो मुलींकडे बघायला लागला. मी म्हटलं, त्यांच्याकडे बघू नकोस, मला सांग. मग तो ओरडला, "आई, मामा थांब म्हणाला होता. मीच ओढा म्हणालो."

सगळी मशीनं थांबली.

चिमणे, मला ओठ वाचता येतात, पहिल्यांदाच कळलं होतं. पण त्याने आजवर ते कोणापुढेच म्हटलं नव्हतं, स्वतःपुढेसुद्धा नाही. ओरडल्यावर त्याचा चेहरा असा झाला, तापात पडलेला असताना व्हायचा तसा. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, मामाला मी अडवलं होतं. आता सोडते. तू काय करायचं ते तू ठरव, त्यात मी सांगणार नाही.

तो पाणीही न पिता निघून गेला. कुठे गेला ते बोलला नाही. गाडी तर संध्याकाळी होती. माझ्या मेसेजला उत्तर नाही. तिकडे पोचला की मला कळव, आधी ते कळव.

छोट्याला सांग, जा. आणि त्या बाईला काय सांगायचं ते त्याचं त्याला ठाऊक आहे.

आत्या


२ एप्रिल

ती. आत्या,

मेसेज केला तो मिळाला असेल. बाबूदादा सुखरूप आहे, आमच्याकडेच आहे. आता सविस्तर लिहिते.

तुझं पत्र बाबांनी उभ्यानेच वाचलं आणि तसेच अर्ज पुन्हा द्यायला गेले. कारकून म्हणाला, आधी देता, मग काढता, हा काय खेळ आहे का? पण ठेवून घेतला.

बाबूदादाचा मात्र पत्ता नव्हता. खोलीवर कुलूप, फोन बंद. सत्तावीसला बाबा आणि मी सगळ्या धक्क्यांवर फिरून आलो. बाबांनी पाण्याकडे पाहिलं की मला धडकी भरायची. इतके दिवस ज्याच्यासाठी घाबरत होते तो माझ्या शेजारी चालत होता, आणि आता आम्ही दोघं मिळून दुसऱ्यासाठी घाबरत होतो. बाबांनी वाटेत एकदाच तोंड उघडलं. म्हणाले, "मी आधीच त्याच्या घरी जायला हवं होतं."

चौकशी बंदराच्या कार्यालयात वरच्या मजल्यावर होती. लांब टेबल, पलीकडे तीन अधिकारी, अलीकडे खुर्च्या. लंबूची बायको पहिल्या रांगेत होती, सोबत तिची बहीण. बाबूदादाची खुर्ची रिकामी होती. बाबांचं नाव पुकारलं तेव्हा दार उघडलं आणि तो आत आला. अंगावर चुरगळलेला गणवेश. कोणाकडेही न बघता बसला.

बाबांनी सांगितलं. सगळं, अगदी सावकाश, मला सांगितलं होतं त्याच क्रमाने. शेवटी म्हणाले, "लंबू त्याच्या जागेवर होता. ओढणारा हात माझा होता." मुख्य अधिकाऱ्यांनी विचारलं, हे वायरलेसवरचं बोलणं आणखी कोणी ऐकलं? बाबांनी बाबूदादाकडे बोट दाखवलं नाही, आत्या. नुसते उभे राहिले. अधिकाऱ्यांनी मग स्वतःच बाबूदादाला विचारलं, टगकडून तुम्हाला इशारा मिळाला होता का?

तो उठून उभा राहिला आणि त्याने पहिल्यांदाच बाबांकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "मिळाला होता. दोनदा." आणि अधिकाऱ्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटून की काय, पुन्हा मोठ्याने म्हणाला.

त्याचं लायसन्स काढून घेतलंय. पुढे खटला होईल, वकील म्हणतात तुरुंग कदाचित टळेल, खात्री नाही. बाबांना टगवरून उतरवलं, दोरांच्या गोदामात बसवलंय. फलक त्याच दिवशी काढला आणि लंबूची चूक नव्हती असं अहवालात येणार आहे.

तू विचारशील, ती बाई काय म्हणाली. मलाही वाटलं होतं ती काहीतरी म्हणेल, रडेल, हात जोडेल. जिन्यात ती बाबांसमोर थांबली. म्हणाली, "उशीर केलात." बाबा म्हणाले, "हो." ती निघून गेली. बाबूदादाकडे तिने पाहिलंही नाही.

मला वाटलं होतं खरं बोलून झालं की घरात मोकळं वाटेल. तसं काही नाही. दोघं एकाच टेबलावर जेवतात, एकमेकांना पाणी देतात, बोलत नाहीत. काल मात्र बाबूदादा भांडी घासत होता आणि बाबा पुसून ठेवत होते, मी लुडबुड केली नाही.

तुझं काय चाललंय ते लिही. तुझी काळजी वाटते.

चिमणी


७ एप्रिल

चिमणे,

माझं काय चालणार? वर्गात मुली येतात, शिवतात, माझ्याशी जरा जास्तच गोड बोलतात. परवा पोस्टातल्या बाईंनी नेहमीचं विचारलं, काय म्हणतोय तुमचा पायलट? मी म्हटलं, तो आता पायलट नाही. त्या पुढचं विचारायला लागल्या तर मी तेही सांगितलं. घरी येऊन दार लावून बसले.

बरं वाटतं असं मी लिहिणार नाही. पहाटे जाग येते, तुरुंग हा शब्द डोक्यात येतो आणि मग झोप लागत नाही. त्या बाईचा विचार आला की वाटतं झालं ते बरोबर झालं. बाबूचा आला की वाटतं, छोट्याने सगळ्या जगाला सोडून माझंच पोर का धरलं. दोन्ही एकाच तासात वाटतं. छोट्याला हे जसंच्या तसं वाचून दाखव. सांग, माझा तुझ्यावर राग आहे, खरं बोललास म्हणूनच आहे, आणि तो इतक्यात जाणार नाही.

आणि सांग, बाबूला घेऊन स्वतः ये. एकट्याला पाठवू नकोस. मी रागावलेली असेन, जेवताना एकही शब्द बोलणार नाही कदाचित. तरी ये. मी दोघांची अंथरुणं घालून ठेवते.

आत्या